काचेच्या शेगडीवर खापर

शहाद्याला आम्ही घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघराच्या बाबतीत मी कुणाचं म्हणजे कुणाचंच ऐकलं नाही. नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, हॉल तुमचा, गच्ची तुमची, गाडी ठेवायच्या जागेत वाटलं तर म्हैस बांधा, पण ओट्यात लक्ष घालायचं नाही. शाळेत क्लार्कची नोकरी करून मी वीस वर्षं भाड्याच्या घरांतल्या बुटक्या ओट्यांवर कंबर मोडून पोळ्या लाटल्या होत्या. आता माझी पाळी होती.

ओटा मी माझ्या उंचीचा करून घेतला. मिस्तरीसमोर उभी राहिले, पोळपाट हातात धरला, कोपर सैल सोडलं आणि म्हटलं, इथे खूण कर. हे मात्र मी आजही घर बांधणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. ओट्याची उंची टेपनं ठरवू नका, पोळपाट घेऊन ठरवा. तेलाची बरणी शेगडीच्या डाव्या हाताला, मीठ उजव्या हाताला, आणि सिलिंडर घराबाहेर, जाळीच्या कपाटात. तेवढ्यापुरती माझी अक्कल नीट चालली. पुढे कुठे ती चरायला गेली, ते सांगते.

मी चार बर्नरची काचेची शेगडी घेतली. काळीभोर काच, इतकी चकचकीत की वरण उकळेस्तोवर मी तिच्यात बघून केस सारखे करायची. दुकानदार शेठ बिचारा सज्जन माणूस. त्यानं देताना बजावलं होतं, "वहिनी, पसरट बुडाचं मोठं भांडं हिच्यावर ठेवू नका. आच खाली दबते, काच तापते." मी हो हो केलं. आमच्या घरात मोठं भांडं कोणतं, तर चहाचं.

दुसरं, मागच्या अंगणात नवरा म्हणत होता की कोपऱ्यात चुलीपुरती माती राहू दे. मी म्हटलं, चूल? कॉलनीत? लोक काय म्हणतील? आणि तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत लालपिवळे ब्लॉक बसवून घेतले. मोठी हौस मला.

आता आक्कांचं सांगायला हवं. आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, धानोऱ्याला असतात. जेठ, म्हणजे माझे थोरले दीर, जाऊन बरीच वर्षं झाली. लेक-सून चांगले आहेत, शेती आहे, खाण्यापिण्याची ददात नाही. पण आक्का ओळखल्या जातात त्या मांड्यांसाठी. आमच्याकडे पुरणपोळी पोळपाटावर लाटून तव्यावर टाकली की तिला कुणी सणाची मानत नाही. मांडा लागतो. पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत मोठा करत न्यायचा, पंज्यावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत, आणि मग उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. कागदासारखा पातळ, आणि आत पुरण. भल्याभल्या सुगरणींचा तो हातातच फाटतो. माझा तर दर वेळी फाटतो.

आक्कांचा फाटत नसे. आसपासच्या दहा गावांत लग्न निघालं की आधी तारीख आक्कांना विचारत, मग मांडववाल्याला. आणि यात आणखी एक गोष्ट होती, जी कुणी बोलून दाखवत नव्हतं. विधवा बाईला आपल्याकडे हळदीला पुढे बोलावत नाहीत, नवरीला ओवाळू देत नाहीत, तिनं मागे भिंतीला टेकून बसायचं. पण खापरापुढे आक्का बसल्या की त्यांना कुणी विधवा म्हणून बघत नसे. वरमाई स्वतः येऊन विचारायची, आक्का, चहा आणू का? त्यांनी मान हलवल्याशिवाय पंगत बसत नसे.

तर घर झालं, त्या वर्षी जानेवारीत आक्का ओसरीवर पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता हात वापरा, जेवढा वापराल तेवढा सुटेल. मी भेटायला गेले तर त्या हात पदराखाली घेऊन बसलेल्या. पंजा वाळका झाला होता, आणि पाण्याचा पेला उचलताना बोटं थरथरत होती. लग्नसराईची बोलावणी येत होती आणि आक्का सगळ्यांना एकच सांगत होत्या, "हात गया वं मन्हा. आते दुसरी बाई देखा."

डॉक्टर म्हणतो हात आहे, आणि या म्हणतात गेला. सुनेनं रबरी चेंडू आणून दिला दाबायला, तो नातवाच्या खेळण्यांत गेला. खरं सांगू का, आक्कांना भीती होती ती हात दुखण्याची नव्हतीच. चार बायांसमोर हातातून मांडा फाटून पडला तर काय, ही होती. न केलं तर निदान "पूर्वी आक्कांसारखे मांडे कुणी करत नसे" एवढं तरी उरतं. मला हे कळत होतं. आणि हेही कळत होतं की असंच वर्ष काढलं तर हात खरंच जाईल, आणि आक्का कायमच्या त्या भिंतीला टेकून बसतील.

म्हणून मी आखाजीचा घाट घातला. अक्षय तृतीया, पण आमच्याकडे आखाजीच म्हणतात, आणि दिवाळीपेक्षा मोठा सण मानतात. लेकी माहेरी येतात, माझीही आली होती. पाण्यानं भरलेली नवी घागर पूजतात, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. आमरस आणि मांडे. आगारी झाल्याशिवाय कुणी तोंडात घास घालत नाही. मी आक्कांना फोन केला की यंदा सण माझ्या नव्या घरात, जेठांची आगारीही इथेच, तुम्ही यायचंच.

"येस मी. पन मांडा तूच करजो," त्या यायला कबूल होत म्हणाल्या.

"मीच करणार," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं शेजारी बसा."

लबाडी होती माझी. मला पक्कं ठाऊक होतं की माझे फाटके मांडे आक्कांना शेजारी बसून बघवणार नाहीत.

आदल्या दिवशी नवरा त्यांना एसटी स्टँडवरून घेऊन आला. सोबत पिशवीत धोतरात गुंडाळलेलं खापर. आमच्या सासूबाईंच्या वेळचं, वापरून वापरून काळं कुळकुळीत झालेलं. घर बघितलं, गच्ची बघितली, छान शे म्हणाल्या. स्वयंपाकघरात आल्या आणि शेगडीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

"हाई काच शे का वं? हाईवर खापर?"

"काही होत नाही आक्का. मजबूत असते ती."

"बाहेर तीन इटा मांड ना."

मी म्हटलं, "अहो, ब्लॉक काळे होतील. आणि एवढ्या उन्हात धुराशी कशाला? इथे पंखा आहे, चिमणी आहे, उभ्यानं करू, कंबरही दुखायची नाही." शेठचं बोलणं आठवलं का? आठवलं. पण खापर काही भांडं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. आक्कांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खापर धोतरातून सोडवायला लागल्या. दुसऱ्याच्या घरी आलेल्या बाईनं जेवढं बोलायचं तेवढं त्या बोलल्या होत्या.

सकाळी कणिक आणि पुरण मात्र त्यांच्या देखरेखीखाली झालं. कणिक जुन्या मऊ लुगड्यातून गाळलेली, मिठाच्या पाण्यात सैल भिजवून तास-दोन तास मुरवलेली, मग तेलाच्या हातानं आपटून आपटून तिंबलेली, ओढली तर रबरासारखी यावी. डाळ चिमटीत दाबली तर मधे कणी लागता कामा नये. आणि पुरण उलथनं उभं राहील इतकं आटवायचं. मांडा फाटतो तो बहुतेक वेळा हातामुळे नाही, ओल्या पुरणामुळे. हे ज्ञान मला आहे. हात नाही.

कणकेची परात आणि पुरणाचं पातेलं ओल्या फडक्यानं झाकून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तिथून शेगडी दोन पावलांवर. खापर मोठ्या बर्नरच्या जाळीवर उपडं घातलं. आधी मंद, मग मोठी आच. सगळी ज्योत आत कोंडून राहिली होती, बाहेर निळी कडसुद्धा दिसत नव्हती. मला वाटलं, वा, गॅसची बचत!

पहिला मांडा मी केला. फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्याला हातावरच खिडकी पडली आणि पुरण कोपरावरून ओघळलं. लेक हसायला लागली. आक्का खुर्चीत चुळबुळ करत होत्या.

"अवं माय, मांडा करी ऱ्हायनी का पोतेरं? सरक!"

मी सरकले. मनात म्हटलं, लागला गळाला मासा.

पण पहिला मांडा आक्कांचाही फाटला. उजव्या हातावर आला तसं मनगट थोडं खाली गेलं, आणि बरोबर मधे चीर पडली. हसणारी लेक एकदम गंभीर झाली, नवरा दारातून मागे फिरला. आक्कांनी तो गोळा बाजूला ठेवला, हात पदराला पुसला, आणि मला वाटलं संपलं. मीच घोळ घातला. घरी चार भिंतींत निदान झाकून होतं, मी इथे बोलावून सगळ्यांसमोर उघडं केलं. मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

आक्कांनी दुसरा गोळा घेतला. लहान घेतला. रुमालाएवढा केला आणि टाकला. तो नीट भाजला. मग तिसरा, तेवढाच. चौथा जरा मोठा. त्या कुणाकडे बघत नव्हत्या, ओठ घट्ट मिटलेले. भाजलेले मांडे मी घडी घालून शेगडीशेजारच्या ताटात रचत होते. सहा झाले. सहाही मनगटापर्यंतचेच, पुढे त्या जातच नव्हत्या. मनगटाशी आले की थांबत.

सातव्या मांड्याला त्यांनी गोळा मोठा घेतला. या हातावरून त्या हातावर, परत इकडे, मांडा वाढायला लागला. मनगट ओलांडलं. पुढे सरकला. खिडकीचा उजेड त्यातून दिसायला लागला, पुरणाचा पिवळा पडदा नुसता. कोपरापर्यंत आला. आक्का टेबलापासून वळल्या आणि शेगडीकडे पहिलं पाऊल टाकलं.

आणि धाडकन स्फोट झाला.

मला वाटलं सिलिंडर. मी किंचाळले, लेक किंचाळली. शेगडीची काच उडाली होती. खडीसाखर उधळावी तसे तिचे काळे खडे ओट्यावर, फरशीवर, मांड्यांच्या ताटात, माझ्या केसांत. खापर बर्नरसकट खाली खचून तिरकं झालं होतं आणि त्याखालून अजून भकाभका ज्योत येत होती. नवरा बाहेर धावला आणि जाळीच्या कपाटातलं रेग्युलेटर बंद केलं. लक्षात ठेवा, आधी सिलिंडर बंद, मग बाकीची रडारड. ज्योत विझली. मी लेकीला वरपासून खालपर्यंत बघितलं. काही नव्हतं. मला पायाला दोन ओरखडे.

मग मला आक्का आठवल्या. मागे वळायचं धाडस होईना. तोच हात. कसाबसा जुळलेला तोच हात माझ्या चकचकीत काचेनं कापला असेल तर मी काय तोंड दाखवणार होते? विटा मांड म्हणाल्या होत्या त्या. मीच नको म्हटलं होतं.

वळले. आक्का जिथल्या तिथे उभ्या होत्या. एक पाऊल पुढे टाकलेलं, तसंच. डोळे विस्फारलेले. आणि दोन्ही हातांवर, पंज्यापासून कोपरापर्यंत, मांडा. अख्खा. एक भोक नाही.

"कोनले लागनं का?" त्यांनी विचारलं.

कुणालाच नाही, मी मान हलवली.

"मंग उभी काय ऱ्हायनी? टेबलवर कापड टाक. हात भरी ऊना."

मी कापड अंथरलं. त्यांनी हात तिरका केला आणि मांडा कापडावर सोडला. सुरकुतीसुद्धा पडली नाही. मग स्वतःचा उजवा हात समोर धरून त्या बघत राहिल्या. उलटा केला, सुलटा केला. मीही बघत होते. थरथरत होता, पण आमचे सगळ्यांचेच थरथरत होते. लेकीनं त्यांना मिठी मारली आणि मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. सुटले बाई, सुटले! एवढंच डोक्यात.

नवरा विचारायला लागला, आता मांड्यांचं काय, बारा वाजत आले, आगारी व्हायचीय. आक्कांनी मागचं दार उघडलं आणि कुंपणाशी पडलेल्या बांधकामाच्या विटांकडे बोट दाखवलं. त्यानं मुकाट्यानं तीन विटा माझ्या लालपिवळ्या ब्लॉकवर मांडल्या. शेजारच्यांच्या वखारीतून कपाशीच्या वाळल्या पळाट्या आणल्या. खापर पुसून बघितलं, तर त्याला साधा तडा नाही! काच म्हणे कडक केलेली असते, भट्टीतून काढलेली. मातीही भट्टीतूनच निघते, तिनं काही नाटक केलं नाही.

ताटातले सहाही मांडे मी कागदात बांधून फेकून दिले. गायीलाही घातले नाहीत. काच फुटली की आसपासचं उघडं अन्न कितीही जीव तुटला तरी टाकायचंच, चाळून निवडून वापरायचं नाही. कणिक आणि पुरण झाकलेलं होतं, काच टेबलापर्यंत आली नव्हती, म्हणून वाचलं. तो सातवा मांडाही टाकला. त्यावर काच दिसत नव्हती, पण मी शपथ घेतल्यासारखी टाकत सुटले होते. आयुष्यात बघितलेला सगळ्यात सुंदर मांडा मी कचऱ्याच्या डब्यात घातला, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

बाहेर आक्का फतकल मारून बसल्या. जाळ बरा लागला. पहिला मांडा कोपरापर्यंत, दुसरा कोपरापर्यंत. तिसऱ्याला शेजारची बाई कुंपणावरून डोकावली, चौथ्याला तिची जाऊ. पाचव्याला दोघी आत येऊन बसल्या. ज्या कॉलनीत चुलीला लोक हसतील म्हणून मी माती ठेवली नव्हती, त्या कॉलनीतल्या सात बाया माझ्या अंगणात गोळा झाल्या, आणि एकीनं आक्कांना विचारलं, पुढच्या महिन्यात आमच्या पुतणीचं लग्न आहे, याल का? आक्का म्हणाल्या, तारीख सांगा. मी धुराच्या निमित्तानं पुन्हा डोळे पुसले.

आगारी झाली. सासऱ्यांचं नाव घेतलं, जेठांचं घेतलं. निखाऱ्यावर तुपाची धार पडली तेव्हा आक्का काही क्षण डोळे मिटून होत्या. मग सगळे तुटून पडलो. आमरस दोनदा संपला.

जेवणं झाल्यावर मी काच झाडली. मोठी केरसुणीनं, बारीक ओल्या कागदानं टिपून, आणि तरी पुढे आठ दिवस घरात सगळ्यांनी चपला घालायच्या असा हुकूम काढला. शेठकडे गेले तेव्हा तो काहीच बोलला नाही, ते त्याचे उपकार. आता माझ्याकडे साधी स्टीलची शेगडी आहे, आणि अंगणाच्या कोपऱ्यातले सोळा ब्लॉक उखडून तिथे माती केली आहे, वर पत्र्याची सावली. तुम्ही घर बांधत असाल तर मागे अशी हातभर जागा सोडा. मिरच्या, कुरडया, ज्वारीच्या बिबड्या, खापर, यांना ओटा पुरत नाही.

त्या दुपारी आक्का तिथेच भिंतीच्या सावलीत मनगटाला कोमट तेल चोळत बसल्या होत्या. दुखत होतं, हे त्या लपवत नव्हत्या. मी शेजारी जाऊन बसले. तेलाची वाटी घेतली आणि त्यांचं मनगट माझ्या मांडीवर ठेवून चोळायला लागले. शेवटी न राहवून विचारलं, "आक्का, एवढा मोठा आवाज झाला, आम्ही सगळे उडालो. तुम्हाला भीती नाही वाटली?"

"भ्याव तं वाटनं वं," आक्का म्हणाल्या. "पन हातले सांगाले येळच नही भेटना."